किती मुक्काम?

लेक सॅन फ्रान्सिस्कोला परत निघाली त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. ओसरीवर दोन मोठ्या बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध बसून आमची ही येसराच्या मसाल्याचे पुडे वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधत होती. एका बॅगेत तेवीस किलो, त्यावर पावशेरही चालत नाही, हा हिशेब आमच्या घरी आता तोंडपाठ झाला आहे. मी खुंटीला ताणकाटा अडकवून एकेक बॅग तोलत होतो. काटा तेवीसच्या पुढे सरकला की शेंगदाण्याच्या चटणीचा एक पुडा बाहेर यायचा, बावीसच्या खाली आला की तोच पुडा पुन्हा आत जायचा, आणि प्रत्येक वेळी ही माझ्याकडे अशी पाहायची की जणू तो काटा मीच मागे ओढतो आहे. पलीकडे बाजेवर आई वाती वळत बसली होती. कापसाचा पेळू डाव्या हातात, उजव्या हाताच्या बोटांना उलीशी राख, आणि नडगीवरून तळहात फिरला की एक लांब, पांढरी वात. तिचे वय नव्वदीला टेकले आहे. डोळ्यांना फारसे दिसत नाही, पण वातीची जाडी कधी चुकत नाही.

मध्येच तिने विचारले, ‘का रं, पोरीचं गाव किती लांब हाय म्हणलास?’ मी तेहतीस वर्षे भूगोल शिकवलेला माणूस. असा प्रश्न कानावर पडला की आपोआप उत्तर बाहेर येते. ‘दिल्लीपासून बारा हजार चारशे किलोमीटर, माय.’ तिने मान हलवली नाही. किलोमीटर हे माप तिच्या लेखी रस्त्याकडेच्या दगडांवर लिहिण्यापुरते आहे. ‘कोसात सांग.’ मी मनात भागाकार केला आणि म्हणालो, ‘चार हजार कोस म्हण.’ हात क्षणभर नडगीवरच थांबला. ‘मंग मुक्काम किती?’ या वेळी उत्तर लेकीने दिले. ‘एकही नाही, आजी. दिल्लीला बसले की थेट तिथंच उतरायचं.’ ‘येकबी न्हाई?’ ‘नाही.’ आईने वळलेली वात जुडीत ठेवली आणि अगदी सहज म्हणाली, ‘मंग लांब कसं म्हणता?’

आम्ही तिघेही हसलो. आई हसली नाही.

बॅगा बंद झाल्या, कुलपे लागली, दुसऱ्या दिवशी लेक गेलीही. पण तो प्रश्न चपलेत अडकलेल्या बारीक खड्यासारखा टोचत राहिला. अंतर म्हणजे दोन ठिकाणांमधली लांबी, ही व्याख्या मी फळ्यावर किती वेळा लिहिली असेल याची गणती नाही. आईच्या हिशेबात मात्र लांबी हा शब्दच नव्हता. ज्या वाटेवर माणसाला एकदाही पथारी टाकावी लागत नाही, तीन दगडांची चूल मांडावी लागत नाही, ती वाट लांब म्हणण्यासारखी काय आहे, असे ती विचारत होती. आणि खरे सांगायचे तर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तिचा हा हिशेब आला कुठून, ते मला ठाऊक आहे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती सासू-सासऱ्यांबरोबर बैलगाडीने कार्तिकीला गेली होती. अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावापासून पंढरपूर आठ मुक्काम. पहिला वाटेतल्या एका मळ्यात, दुसरा कळंबला, तिसरा येरमाळ्याला देवीच्या डोंगराखाली, चौथा बार्शीला, आणि तिथून पुढे चार. ही यादी ती आजही न अडखळता म्हणते, आणि प्रत्येक मुक्कामाला एकेक गोष्ट चिकटलेली आहे. कळंबला एक बैल चारा खाईना म्हणून रात्रभर कुणाचा डोळा लागला नाही. येरमाळ्याला पहाटे इतकी थंडी पडली की पाण्याच्या घागरीला हात लावावासा वाटेना. बार्शीला तिने जन्मात पहिल्यांदा आगगाडी पाहिली. अडीच फुटी रुळांवरून धावणारी बार्शी लाइटची ती चिमुकली गाडी लातुराकडून येऊन पंढरपूरकडे जायची. गाडी शिट्टी देऊन निघाली, तेव्हा आजोबा म्हणाले होते की ही आज दिवस मावळायच्या आत पंढरीला पोचेल, आपण पाचव्या दिवशी पोचू. ‘मंग आपुन बी बसू की तिच्यात,’ असे आई म्हणाली आणि सासूने डोळे वटारले. बैलांना कोण सांभाळणार, हा साधा प्रश्न होता. शिवाय पोचण्याची घाई कुणालाच नव्हती.

वाट दिवसांत मोजायची ही रीत आमच्या भागात फार जुनी आहे. पहिल्या शतकात भडोचच्या बंदरात येणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. तगर म्हणजे आपले तेर, धाराशिव जिल्ह्यातले. त्या माणसाने स्टेडियामध्ये किंवा अन्य कुठल्या मापात आकडा देण्याची तसदी घेतली नाही, कारण ज्याला माल घेऊन जायचे आहे त्याला दिवसच कळायला हवेत: बैलांना किती चारा, माणसांना किती पीठ. मी वर्गात हा उतारा सांगायचो तेव्हा मुले विचारायची, ‘सर, दहा दिवस? आम्ही तर तेरला जाऊन संध्याकाळी घरी येतो.’ आजही एखाद्या फाट्यावर उभे राहून गाव किती लांब आहे असे विचारले, तर ‘ही काय, अर्ध्या तासाची वाट’ असेच उत्तर मिळते, आणि तो अर्धा तास कुणाच्या पायांचा, हे आपण आपले समजून घ्यायचे.

लेकीचे विमान दिल्लीहून पहाटे साडेतीनला उडाले. तिला चिकलठाण्याच्या विमानतळावर सोडून, सव्वादोनशे किलोमीटर मागे येऊन मी त्या वेळी नुकताच घरी पोचलो होतो, तोंडही धुतले नव्हते. दुपारी जेवणे झाल्यावर कपाटावरचा पृथ्वीगोल काढला. निवृत्त झालो तेव्हा शाळेने शाल-श्रीफळाबरोबर दिलेला हा बारा इंची गोल. त्याच्यावरची धूळ पुसताना प्रत्येक वेळी प्रशांत महासागर थोडा फिकट होतो. आईजवळ बसलो आणि तिच्या जुडीतली एक लांब वात मागून घेतली. एक टोक दिल्लीवर अंगठ्याने दाबले, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरले आणि वात हलकेच ताणली. अशी ताणलेली वात कुठे जाते हे पाहण्यात मला अजूनही मुलासारखा आनंद होतो. तुम्ही ती पश्चिमेला युरोपवरून नेऊ पाहा, ती तिथे राहत नाही. घसरते, वर सरकते, आणि स्वतःची वाट स्वतः शोधून सायबेरिया, आर्क्टिक महासागर, अलास्का अशी स्थिर होते. भिंतीवरच्या नकाशात ही रेघ कधीच दिसायची नाही. वर्गात मुलांना पट्टी देऊन दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को जोडायला सांगितले की ती अटलांटिकवरून सरळ आडवी रेघ मारायची, आणि त्यात त्यांची चूक नसायची. मर्केटरने १५६९ मध्ये तो नकाशा खलाशांना होकायंत्राची दिशा धरून जाता यावे म्हणून आखला. त्यात दिशा सांभाळल्या गेल्या, आकारमान सांभाळले गेले नाही. ग्रीनलंड आफ्रिकेएवढे फुगले, जी प्रत्यक्षात त्याच्या चौदा पट मोठी आहे, आणि उत्तरेकडची जवळची वाट ताणून ताणून दूरची झाली.

वात जिथे सॅन फ्रान्सिस्कोला टेकली तिथे मी नखाने खूण केली आणि ती आईच्या हातात दिली. तिने चाचपून मापली. एक वीत आणि चार बोटे. माझ्या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे चारशे वीस किलोमीटर, आणि वात भरली साडेएकोणतीस सेंटीमीटर. म्हणजे आकडा बरोबर बारा हजार चारशेच्या घरात आला. दिवसाला वीस किलोमीटर चालणाऱ्या दिंडीला हे अंतर कापायला एक वर्ष आणि आठ महिने लागले असते, आर्क्टिकवर चालता आले असते तर. मी हे आईला सांगितले नाही. ती गोलाच्या माथ्यावरच्या पांढऱ्या भागावर बोट फिरवत होती. ‘हितं कोन ऱ्हातं?’ ‘कुणी नाही, माय. नुसता बर्फ.’ ‘मंग तहान लागली तर?’

इतक्यात ही मोबाइल घेऊन आली. विमान या घटकेला कुठे आहे ते दाखवणारे अ‍ॅप लेकीने तिला घालून दिले आहे आणि त्यातल्या चिमुकल्या पिवळ्या विमानावर तिची नजर एखाद्या दुधाच्या पातेल्यावर असावी तशी असते. ती म्हणाली, ‘तुम्ही वर बर्फावर काय शोधताय? ती तर जपानच्या पुढं गेली.’ माझ्या वातीचा तेवढ्यापुरता पराभव झाला. पण तो पराभव फार जुना आहे आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट विमान २०१५च्या डिसेंबरात सुरू झाले ते युरोप आणि अटलांटिकवरून जात असे. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची होती. २०१६च्या ऑक्टोबरात त्यांनी तोंड फिरवले आणि विमान पूर्वेला म्यानमार, चीन, जपान, प्रशांत महासागर असे नेले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे जवळजवळ चौदाशे किलोमीटर जास्त. वेळ लागला साडेचौदा तास, पूर्वीपेक्षा जवळपास दोन तास कमी. लांबची वाट लवकर संपली. भागाकार केला तर ताशी हजार-पन्नास किलोमीटरांहून जास्त वेग पडतो, आणि असे विमान स्वतःच्या बळावर ताशी नऊशेच्या आसपासच जाते. उरलेले दीडशे वाऱ्याचे.

पृथ्वीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे वारे हिवाळ्यात सर्वांत जोरात असतात. त्यांची पद्धतशीर नोंद सर्वांत आधी वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात केली. तो फुगे सोडायचा आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढायचा. जगाने वाचावे म्हणून त्याने आपला अहवाल एस्परांतो या साऱ्या जगासाठी म्हणून बनवलेल्या भाषेत छापला, आणि ती भाषा वाचणारे जगात जवळजवळ कुणीच नसल्यामुळे तो अहवाल पडून राहिला. मला या माणसाविषयी फार जवळीक वाटते. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीच्या वर्गापुढे तेहतीस वर्षे उभ्या राहिलेल्या कुणालाही ती वाटेल. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून आलेली अमेरिकी बॉम्बफेकी विमाने याच वाऱ्यात सापडून निशाणावरून भरकटू लागली, तेव्हा त्या वाऱ्याची दखल सगळ्यांनी घेतली.

वाऱ्याच्या ओघात एक मुलगा आठवतो. शेवटच्या बाकावर बसणारा, वर्षातून चार महिने आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारा. त्याने एकदा विचारले, ‘सर, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरतीय ना? मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं तर? अमेरिका आपोआप खाली येईल की.’ वर्ग हसला. मी त्याला एसटीतल्या पेरूचे उदाहरण दिले: धावत्या एसटीत पेरू वर उडवला तर तो पुन्हा तुझ्याच हातात पडतो, मागच्या सीटवरच्या बाईच्या डोक्यावर पडत नाही, कारण तोही एसटीबरोबर पळत असतो. तशीच हवा आणि विमान पृथ्वीबरोबर फिरत असतात. उत्तर बरोबर होते आणि तो गप्प बसला. पण पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले की तो अगदीच चुकला नव्हता. उष्ण कटिबंधातून ध्रुवाकडे निघालेली हवा पूर्वेकडे वळते ती पृथ्वीच्या फिरण्यामुळेच, आणि लेकीच्या विमानाला मागून रेटा देणारा तो वारा त्या वळण्यातूनच घडतो. त्या मुलाला हे सांगायचे राहून गेले. दहावीला तो बसलाच नाही.

आईला वारा समजवावा लागला नाही. खळ्यावर तिवईवर उभे राहून ज्वारी उफणलेली बाई ती. ‘वारं पडलं की सूप घिऊन नुसतं हुबं ऱ्हायाचं,’ एवढे म्हणून तिने तो विषय संपवला.

मात्र माझ्या डोक्यात २०१६ हे साल अडकून बसले, कारण त्या सालाची आमच्या भागातली आठवण वेगळी आहे. दुष्काळ असा पडला होता की लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. ११ एप्रिलला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून पहिली गाडी मिरजेहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातुरात शिरली. मधले अंतर साडेतीनशे किलोमीटरांच्या आतले. ही गाडी आली पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी याच वाटेने. बार्शी लाइटचे ते अडीच फुटी रूळ जाऊन तिथे ब्रॉडगेज आले होते, म्हणजे आईने कधीकाळी चौथ्या मुक्कामी उभे राहून जी गाडी जाताना पाहिली, तिच्याच वाटेवरून पाणी येत होते. सहा महिन्यांनी दिल्लीचे ते विमान साडेचौदा तासांत प्रशांत महासागर ओलांडून गेले. आमच्या पाण्याला मिरजेहून यायला त्याहून जास्त वेळ लागला होता. या दोन बातम्या मी तेव्हा एकाच वर्षी वाचल्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे मनातही आले नाही. खरे तर आजही मी तो बळेच जोडतो आहे. पण बीड जिल्ह्यातल्या माणसाला अशी सवय जडते. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरांचा लोहमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला आणि बीडला पहिली गाडी आली ती २०२५च्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी. तीस वर्षे. परळीपर्यंतचा टप्पा त्यानंतरही उरलाच होता. मराठीत रस्त्यालाही वाट म्हणतात आणि थांबून राहण्यालाही वाट पाहणे म्हणतात. भाषा घडवणारे लोक बहुधा आमच्याच बाजूचे असावेत.

हिला जी धास्ती असते ती मात्र वाऱ्याचीही नाही आणि लांबीचीही नाही. २०१९ मध्ये काही महिने आणि मग २०२५च्या एप्रिलअखेरीस पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडू लागला. उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावे लागले. ज्या आकाशात साधी कुंपणाची तारही नाही तिथे आपली लेक कुठून जाते, कुठून जात नाही, हे हिला त्या पिवळ्या ठिपक्यावरून कळते. तो कुठे वाकला की ती देवापुढे निरांजन लावते. मी तिला सांगतो की विमान वाकडे गेले म्हणजे संकट आले असे नव्हे, वैमानिक वादळ चुकवतो, वारा बघतो. ती ऐकून घेते आणि निरांजन विझू देत नाही. वाती घरच्याच असल्याने त्याला खर्चही नाही.

संध्याकाळी साडेसहाला ठिपका थांबला. लेकीचा फोन आला तेव्हा तिच्याकडे त्याच दिवशीचे सकाळचे सहा वाजले होते. पहाटे साडेतीनला निघालेली मुलगी सकाळी सहाला पोचली. मध्ये तारखेची रेषा ओलांडताना तिने एक अख्खा दिवस परत मिळवला. कागदावर अडीच तासांचा प्रवास. मुक्काम एकही नाही.

‘पोचली का?’ आईने विचारले. ‘पोचली, माय.’ ‘निजली आसंल मंग.’ मी म्हणालो, ‘नाही, तिथं आता सकाळ आहे. तिला झोपायला रात्रीपर्यंत थांबावं लागेल, आणि रात्री झोप येणार नाही.’ हे सांगता सांगता मला दिवाळीआधीचे दिवस आठवले आणि माझे मलाच काहीतरी उलगडल्यासारखे झाले.

लेक आली होती सतरा दिवसांसाठी. पहिल्या रात्री अडीचच्या सुमारास स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला म्हणून मी उठलो. दिवा न लावता, फ्रिजच्या उजेडात उभी राहून ती गार धपाटे दह्याशी खात होती, आणि खाली पाटावर आई बसली होती. आईला तीनच्या आत जाग येतेच. गेली कित्येक वर्षे ती त्या वेळी एकटीच बसलेली असते. दोघी हळू आवाजात बोलत होत्या. काय बोलत होत्या ते मी ऐकले नाही, परत येऊन पडलो. दुसऱ्या रात्रीही तेच, तिसऱ्या रात्रीही. दिवसा मात्र ती आमच्यात नसल्यासारखीच असायची. दुपारी चारला पाहुणे ओसरीवर बसलेले आणि लेक आत भुईवर गाढ झोपलेली, गालावर सतरंजीचे वळ उमटलेले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तर पणत्यांसमोर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. हिला वाईट वाटले, मला थोडा राग आला, वर्षातून एकदा येते आणि तीही अशी. तिने नंतर समजावले होते की मेंदूच्या तळाशी एक घड्याळ असते, ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालते आणि त्याला आपल्या तिकिटाशी देणेघेणे नसते. एका तासाच्या फरकाला साधारण एक दिवस, असा ठोकताळा. दोन्हीकडच्या वेळांत साडेबारा तासांचा फरक. म्हणजे बारा दिवस.

मी हे सगळे आईला सांगितले. तिला किती कळले कोण जाणे. तिने फक्त शेवटचे शब्द उचलले. ‘बारा दिस?’ ‘हो.’ ‘रोज येक तास?’ ‘असंच काहीतरी.’ वातीची जुडी दोऱ्याने बांधत ती म्हणाली, ‘मंग हे मुक्कामच की. परवा न्हाई म्हणली येकबी.’

बाराव्या रात्री लेक सकाळपर्यंत झोपली होती, हे मला तेव्हा नीट आठवले. सकाळी उठून तिने स्वतः सडा टाकला, आईचे केस विंचरले, हिच्याबरोबर मंडईत गेली, माझ्याशी जुन्या शाळेविषयी तासभर बोलली. आमच्या तोंडी सहज आले होते की आज कशी माणसात आली. त्यानंतर पाच दिवस उरले होते, आणि त्यातले दोन बॅगा तोलण्यात गेले.

लेक गेल्यावर तिकडे नोव्हेंबरचा पहिला रविवार आला. त्या दिवशी ते लोक घड्याळ एक तास मागे घेतात, त्यामुळे आमच्यातले अंतर बसल्या जागी एका तासाने वाढले. हिने भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेनने साडेबारा खोडून साडेतेरा लिहिले. त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी साडेचारला फोन वाजला. व्हिडिओवर लेकीचा चेहरा, मागे अंधार, हातात वाटी. वाटीत काय ते दिसत नव्हते, पण कडेला येसराचा तवंग होता. तिच्याकडे पहाटेचे तीन वाजले होते. ‘झोप येईना म्हणून आमटी गरम केली,’ असे ती हिला सांगत होती.

आईने फोन मागितला. तो नेहमीप्रमाणे कानाला लावला, त्यामुळे लेकीला पडद्यावर फक्त आजीचा कान आणि पांढरे केस दिसत असणार. ‘का गं, कितवा मुक्काम?’ पलीकडे क्षणभर शांतता. मग हसणे ऐकू आले, आणि नंतर हसता हसता जरा ओला झालेला आवाज. ‘चौथा, आजी.’

‘चौथा?’ आईने मोकळा हात नडगीवर ठेवला. ‘म्हंजी बार्शीपतुर आलीस.’